गाडीचं व्हेरिएंट कसं निवडावं? समवाय, संयोग आणि लेहचा रस्ता

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातले सोळा पदार्थ पाहिले. प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन असा तो क्रम. व्याख्यान संपल्यावर तुमच्यापैकीच एका जोडप्याने आम्हाला गाठलं. मुलुंड पूर्वेचं जोडपं, दोघंही नुकतेच निवृत्त झालेले. म्हणाले, "सर, संशय म्हणजे काय ते आम्हाला वेगळं शिकवायला नको. गेले तीन महिने आम्ही त्यातच आहोत. मुलुंडहून लेहला स्वतः गाडी चालवत जायचंय. गाडी ठरलीय, पण व्हेरिएंट ठरत नाही. मुलगी म्हणते टॉपच घ्या. आणि हा पैसा भविष्यनिर्वाह निधीतला आहे, पुन्हा येणारा नाही."

तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हे का विचारावं, असं कुणाला वाटेल. पण आम्हाला प्रश्न आवडला. वस्तूचं स्वरूप कोणतं आणि तिला नुसतं चिकटलेलं कोणतं, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्यावरच.

आधी प्रयोजन. न्यायसूत्रांत संशयानंतर लगेच प्रयोजन येतं आणि निर्णय बराच पुढे, नवव्या जागी. शोरूममध्ये आपण नेमका हा क्रम उलटा करतो. आधी रंग आवडतो, मग काचेचं छत आवडतं, मग घरी येऊन आपण या गाडीने कुठे जाणार ते ठरवतो. तर कागद घ्या आणि प्रवास मांडा. मुंबईहून मनालीमार्गे लेह साधारण अडीच हजार किलोमीटर. जाऊन येऊन पाच हजार, तिथलं फिरणं धरून साडेसहा हजार. यातला बहुतेक रस्ता चांगला डांबरी किंवा काँक्रीटचा. खरा वाईट रस्ता, म्हणजे खडी, चिखल, रस्त्यावरून वाहणारे नाले, हा फार तर काही शे किलोमीटरचा. पण गाडी अडकायची ती तिथेच, आणि मदत लांब असते तीही तिथेच. म्हणजे गाडीकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. बहुतेक दिवस तिने आपल्याला दमवू नये, आणि थोडे दिवस तिने आपल्याला सोडून देऊ नये. ही दोन वाक्यं कागदाच्या वर लिहून ठेवा.

आता हा व्हेरिएंट प्रकार आला कुठून? महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ची. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली. पुढे आपल्या कांदिवलीत आकुर्ली रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. बोरिवली-कांदिवलीच्या कितीतरी घरांतली चूल त्या कारखान्यावर पेटली. त्या जुन्या जीपमध्ये बेस आणि टॉप अशी भानगडच नव्हती. कापडी हूड, पुढे आडवी पाडता येणारी काच, साधी बाकडी. जीप म्हणजे जीप. हवं ते मालक नंतर गॅरेजमध्ये करून घ्यायचा.

आज एकाच नावाखाली पाच-सहा गाड्या विकल्या जातात. कंपनीचंही त्यात काही चुकत नाही. एकाला स्वस्त हवी, दुसऱ्याला मिरवायला हवी, आणि एकाच साच्यातून दोघांना देता येते. अडचण एवढीच, की कंपनी गुणांच्या जुड्या बांधते. तुम्हाला जुडीतली एकच काडी हवी असली तरी जुडी पुरी घ्यावी लागते. म्हणून जुडी सोडवून बघायला शिकलं पाहिजे.

त्यासाठी कणादांच्या वैशेषिक दर्शनातले दोन शब्द उसने घेऊ. समवाय आणि संयोग. धागे आणि कापड यांचा संबंध समवाय. धागे काढून घेतले तर कापड उरत नाही. टेबल आणि त्यावरची चहाची कपबशी यांचा संबंध संयोग. कपबशी उचलली तरी टेबल टेबलच. काटेकोर वैशेषिक म्हणेल की गाडीला हे शब्द तुम्ही सैल लावताय. मान्य. आपण उपमेपुरतेच घेऊ. कारखान्यातून येताना असलं तर असलं, नंतर कुठल्याही गॅरेजमध्ये शहाणपणाने बसवता येत नाही, ते समवाय. आणि नंतर बाजारातून आणून लावता येतं, नको झालं तर काढता येतं, ते संयोग. आजचं सगळं सूत्र एका वाक्यात सांगायचं तर, कंपनीकडून समवाय विकत घ्या, संयोग नंतर बघू.

समवायात पहिलं येतं फोर बाय फोर आणि त्यातली लो रेंज. चारही चाकांना जोर पोचवायला मधे एक जादा गिअरपेटी लागते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा लागतो, पुढचं डिफरन्शियल लागतं. लो रेंजमध्ये वेग खूप कमी होतो आणि चाकावरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. भरलेली गाडी नाल्यातल्या गोट्यांवरून पायरी उतरल्यासारखी सावकाश काढायची तर हीच कामाला येते. हे सगळं नंतर बसवता येत नाही. २०२३च्या जानेवारीत थारची मागच्या दोन चाकांवर चालणारी, दीड लिटर डिझेलची आवृत्ती आली. दिसायला तीच थार, किंमत बरीच कमी. शहरासाठी आणि कोकणात गावी जायला उत्तमच. पण ती पुढे कधी फोर बाय फोर होणार नाही. दोघींचं रूप एक, स्वरूप वेगळं.

दुसरं, डिफरन्शियलचं कुलूप. वळणावर आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. ते जमावं म्हणून डिफरन्शियल असतं. पण त्याची एक खोड आहे. एक चाक हवेत लटकलं किंवा चिखलात गेलं की तेच गरागरा फिरतं आणि जमिनीवर घट्ट उभं असलेलं चाक ढिम्म. यावर दोन उपाय. एकात ब्रेक त्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप धरून ठेवतो. दुसऱ्यात दोन्ही चाकं यंत्रानेच एकमेकांना बांधली जातात. पहिला उपाय लेहच्या नेहमीच्या रस्त्याला पुरतो. दुसरा अधिक भरवशाचा. माहितीपत्रकात यातलं नेमकं कोणतं लिहिलंय आणि कोणत्या व्हेरिएंटपासून ते मिळतं, हे बोट ठेवून वाचायचं.

तिसरं, इंजिनाचा श्वास. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला ही खिंड सव्वापाच हजार मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. साधं, टर्बो नसलेलं इंजिन तिथे हवा कमी ओढतं, म्हणून ताकदही जवळपास निम्मी होते. टर्बो असलेलं इंजिन हवा दाबून आत घेतं, त्यामुळे त्याची घट पुष्कळ कमी. साधं इंजिन चढत नाही असं मात्र समजू नका. चढतं, पण खालच्या गिअरमध्ये आणि सावकाश.

यालाच जोडून उपनगराचं एक वास्तव. बीएस-सहा डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ चांगल्या वेगात चालावी लागते. वर्षातले अकरा महिने अंधेरी-कुर्ला रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या गाडीला तो योग येत नाही. मग गाळणी तुंबल्याचा दिवा लागतो. तेव्हा डिझेल घेणाऱ्याने महिन्यातून एक-दोनदा नाशिक रस्त्याला तरी गाडी मोकळी सोडायची तयारी ठेवावी.

चौथं, टाकी. लाहौलमधल्या तांदीच्या पेट्रोल पंपावर एक फलक अनेक वर्षं प्रसिद्ध होता, की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आता गणित करा. जिमनीची टाकी ४० लिटरची. डोंगरात लिटरला १० किलोमीटर धरले तर ४०० किलोमीटर. जेमतेम. वाटेत रस्ता बंद झाला, मागे फिरावं लागलं, तर नाही. थारची टाकी ५७ लिटरची, त्याच हिशेबाने ५७० किलोमीटर. टाकी बदलता येत नाही, ती समवायच. पण मान्यताप्राप्त धातूचा कॅन बरोबर नेता येतो, तो संयोग. बघा, कमी पडलेला समवाय कधीकधी संयोगाने भरून काढता येतो. पण आधी तो कुठे कमी आहे हे माहीत हवं.

पाचवं, आणि सगळ्यात दुर्लक्षित, वजन. पाच दारांच्या जिमनीचं स्वतःचं वजन साधारण १२०० किलो आणि सगळ्यासकट चालायला मंजूर वजन १५४५ किलो. उरले ३४५. चार माणसं ७० किलोची धरली तर २८० संपले. मग ६५ किलोत बॅगा, पाणी, इंधनाचा कॅन, दोरखंड, हत्यारं आणि घरून निघताना आईने दिलेला लाडूंचा डबा! म्हणजे ही दोघांची गाडी आहे. चौघांच्या लांब प्रवासाची नाही. कुठलंही वरचं व्हेरिएंट घेऊन हे बदलत नाही.

आता संयोग. यात पहिली चाकं. आपल्याकडे अलॉय म्हणजे प्रतिष्ठा. २०२०च्या थारमध्ये खालच्या एएक्सला १६ इंची पोलादी चाकं होती, वरच्या एलएक्सला १८ इंची अलॉय. टायरवरचे आकडे वाचू. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर. २५५/६५ आर १८ला हीच भिंत सुमारे १६६ मिलिमीटर. दोन चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखा, पण खालच्या व्हेरिएंटला रबर १८ मिलिमीटर जास्त. खड्ड्याचा दणका आधी रबर खातं, मग रिम. खडकाळ रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमी करून चालवायची असते, तेव्हाही उंच भिंत कामाला येते. पोलादी रिम वाकली तर कुठल्याही गावातला कारागीर ठोकून चालण्यापुरती सरळ करतो. अलॉय तडकली की तडकली. म्हणजे इथे कमी पैशातली वस्तू प्रवासाला जास्त योग्य. स्वस्त म्हणून नव्हे, प्रयोजनाला धरून आहे म्हणून.

मोठा पडदा, आठ स्पीकर, रंगीत दिवे, चामड्यासारखी सीट, बाजूच्या पट्ट्या, हे सगळं संयोग. फोन अडकवायचा एक भक्कम स्टँड आणि आधीच उतरवून ठेवलेले नकाशे, एवढ्यात पडद्याचं काम भागतं.

पण संयोगालाही मर्यादा आहे, ती कायद्याची. "बेस घेऊ आणि नंतर सगळं बाहेरून करून घेऊ" असं तरुण मंडळी म्हणतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर केंद्राने २०१७च्या डिसेंबरमध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं. शिवाय वायरी तोडून काही जोडलं तर वॉरंटीचा वाद होतो, आणि अपघातानंतर विम्याचाही. तेव्हा संयोग म्हणजे सहज लावता आणि काढता येईल तेवढंच.

आता तुम्ही विचाराल, मग नेहमी खालचं व्हेरिएंट घ्यायचं का? नाही. इथेच पुष्कळ लोक घसरतात. कंपनी कधीकधी समवाय वरच्या जुडीत बांधते. २०२४ साली थार रॉक्स आली तेव्हा एमएक्स-वन आणि एमएक्स-थ्री या खालच्या दोन व्हेरिएंटमध्ये फोर बाय फोर नव्हतंच. ते एमएक्स-फाइव्हपासून पुढे, आणि तेही डिझेललाच. तिथे बेस घेऊन पैसे वाचवले असं म्हणणाऱ्याने वेगळीच गाडी घेतलेली असते. अशा वेळी नियम असा: ज्या सगळ्यात खालच्या पायरीवर आपल्याला हवे ते सगळे समवाय पुरे होतात, तिथे थांबायचं. उलट टोकाला आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सची २०२१ची गुरखा. एकच व्हेरिएंट, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना कुलूप, स्नॉर्कलसुद्धा, सगळं त्यातच. तिथे संशयाला जागाच नाही.

यापलीकडे एक तिसरा वर्ग आहे आणि सत्तरी ओलांडल्यावर तो आम्हाला चांगला कळतो. थकवा कमी करणाऱ्या सोयी. या चैनीत धरू नका. दिवसाला पाचशे किलोमीटर चालवून दमलेल्या माणसाचा निर्णय चुकतो, म्हणून ही सुरक्षेचीच बाब. उंची बदलता येणारी चालकाची सीट, लांबवर नीट दिसणारे पुढचे दिवे, महामार्गावर पायाला विश्रांती देणारा क्रूझ कंट्रोल. या सोयी वरच्या व्हेरिएंटमध्ये असतील तर त्यांना किंमत द्यायला हरकत नाही. कसोटी एकच प्रश्नाची: ही सोय दहाव्या दिवशी संध्याकाळी मला उपयोगी पडेल, की पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना दाखवायला?

आता मुलुंडच्या जोडप्याचा निवाडा. त्यांची निवड होती जिमनी. तिचे दोनच व्हेरिएंट, झीटा आणि अल्फा. इंजिन तेच, लो रेंजसकट फोर बाय फोर दोन्हींत, ब्रेकने चालणारं डिफरन्शियलचं कुलूप दोन्हींत, सहा एअरबॅग दोन्हींत, टायरचं माप तेच, टाकी तीच. म्हणजे समवाय शंभर टक्के समान. अल्फामध्ये जास्त काय? अलॉय चाकं, मोठा पडदा, आपोआप तापमान राखणारा एसी, बटणाने सुरू होणं, आणि आपल्या तिसऱ्या वर्गातल्या दोन गोष्टी: एलईडी दिवे आणि क्रूझ कंट्रोल. २०२३च्या जूनमध्ये गाडी आली तेव्हा मॅन्युअल गिअरच्या झीटाची एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाख होती, अल्फाची १३.६९ लाख. फरक ९५ हजारांचा.

या ९५ हजारांचं काय होतं ते पाहा. साडेसहा हजार किलोमीटर, सरासरी लिटरला १२ किलोमीटर, म्हणजे सुमारे ५४० लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर ५७ हजारांच्या आसपास. अख्ख्या प्रवासाचं इंधन निघून वर ३८ हजार उरतात. त्यात हवा भरायचा पंप, ओढायचा पट्टा, पंक्चरचं सामान आणि उंचीची सवय व्हायला वाटेत दोन जादा मुक्काम. आम्ही त्यांना विचारलं, "रात्री गाडी चालवणार का?" दोघंही एकदम म्हणाले, "अंधार पडायच्या आत मुक्काम, हे आमचं लग्नापासून ठरलेलं आहे." मग एलईडी दिव्यांचं वजनही कमी झालं. राहिला क्रूझ कंट्रोल. आळीपाळीने चालवणारी दोन माणसं आहेत. आमचा कौल झीटाला. पण त्यांच्या जागी एकटाच चालवणारा, गुडघेदुखीचा माणूस असता, तर आम्ही अल्फाच म्हटलं असतं. समवाय सारखे असले की प्रश्न गाडीचा राहत नाही, माणसाचा होतो.

मुलीचं काय? ती म्हणते टॉप घ्या, कारण तिला काळजी आहे आणि जास्त पैसे म्हणजे जास्त सुरक्षा असं तिला वाटतं. तिची काळजी खरी, पण हेतू सदोष. तिला हेच कोष्टक दाखवा आणि एअरबॅगांची ओळ आधी दाखवा. तिचं समाधान होईल.

शेवटी प्रमाणांबद्दल थोडं. माहितीपत्रक हे शब्दप्रमाण. आणि शब्दप्रमाण आप्ताचं हवं, म्हणजे जाणकार आणि निःस्वार्थ माणसाचं. शोरूममधला मुलगा गोड असतो, जाणकारही असेल, पण महिन्याचं टार्गेट असलेला माणूस आप्त ठरत नाही. म्हणून प्रत्यक्षाकडे जा. घरून निघताना जे नेणार ते सगळं सामान नेऊन त्या गाडीत मावतं का बघा. आपली नेहमीची चप्पल घालून, आपल्या उंचीला सीट लावून, निदान तासभर चालवा. घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांत तासभर बसलं की पाठ खरं बोलते.

आणि सोसायटीत विचारा! घाटकोपर-अंधेरीच्या नव्या इमारतींत एकावर एक गाड्या ठेवायचं यांत्रिक पार्किंग असतं. त्याला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते. जिमनीची उंची सुमारे १.७२ मीटर, थारची १.८४, रॉक्सची १.९२. त्यावर सामानाचं कॅरिअर चढवलं की आणखी वाढ. लेहची खिंड ओलांडणारी गाडी आपल्याच इमारतीत शिरली नाही, तर तो समवायही नाही आणि संयोगही नाही, नुसता वियोग!

तर गृहपाठ असा. एक कागद घ्या, तीन रकाने पाडा: समवाय, थकवा, संयोग. माहितीपत्रकातली प्रत्येक ओळ यातल्या एकाच रकान्यात टाका. पहिला रकाना पुरा होणारं सगळ्यात खालचं व्हेरिएंट शोधा. दुसऱ्या रकान्यासाठी आपल्या गुडघ्यांना आणि पाठीला विचारून वर जायचं का ते ठरवा. तिसऱ्या रकान्यासाठी पैसे देण्याआधी एक महिना थांबा.

पुढच्या वेळी आपण परत हेत्वाभासांकडे वळणार आहोत. तोपर्यंत हे कोष्टक कुणी भरलं तर घेऊन या, उदाहरणं तिथूनच घेऊ.